जास्तीचा शिक्का

तुकोजीरावांच्या घरात तारीख लागल्याशिवाय काहीही आत येत नसे. दुधाची पिशवी असो, इडलीच्या पिठाचा डबा असो की विजेचं बिल, दारातल्या स्टुलावर ते आधी टेकायचं. मग तुकोजीराव चष्मा पुसायचे, रबरी शिक्का शाईच्या गादीवर दोनदा दाबायचे आणि ठप्प करून तारीख उमटवायचे. शिक्क्यावर तमिळमध्ये ‘मिळाले’ एवढा एकच शब्द आणि खाली फिरत्या चकत्यांवरची तारीख. एकदा जावयाच्या मावशी वाकून चप्पल काढत असताना त्यांच्या हातातल्या केळ्यांवर शिक्का बसला होता. मावशी त्यानंतर आल्या नाहीत, आणि तुकोजीरावांना त्याचं कारण अजून कळलेलं नाही.

बिचाऱ्याचा जन्मच त्यात गेला होता. तंजावूरच्या एका सरकारी कचेरीत टपालाच्या टेबलावर ते बसत. येईल त्या कागदावर तारीख मारायची आणि कागद पलीकडच्या टेबलावर सरकवायचा. पलीकडे सांबशिव बसे. सांबशिव तोच कागद घेऊन त्यावर आपला शिक्का मारी, तोही तारखेचाच. हे असं का, हे दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही. सरकारी नोकरीत असले प्रश्न विचारणारा माणूस वर तरी जातो नाहीतर बाहेर तरी, आणि दोघांनाही होतं तिथेच बसायचं होतं. निवृत्तीच्या दिवशी तुकोजीरावांना शाल मिळाली आणि शालीच्या घडीत त्यांचा तो शिक्काही मिळाला. कचेरीला आता तो नको होता, कारण त्यांची जागा भरायचीच नाही असं ठरलं होतं. या दुसऱ्या गोष्टीचा विचार न करण्याचं तुकोजीरावांनी मनाशी पक्कं केलं होतं. बाजाराला जातानाही ते कचेरीचा रस्ता टाळून लांबून जात.

पण टाळलेली गोष्ट मेलवीधी या रस्त्यावरच्या त्यांच्या घरात चालत आली, आणि तीही पोटच्या मुलीच्या तोंडून.

हरिता त्यांची धाकटी. चेन्नईच्या एका कंपनीचं काम ती घरूनच करी, पण गेले काही आठवडे तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. सारखी मेल उघडून बघायची आणि तोंड पाडून बंद करायची. आईला वाटलं, पोरीचं कुठे जुळतंय. तुकोजीराव एका सकाळी कॉफीची पितळी वाटी, म्हणजे डबरा, घेऊन तिच्याजवळ जाऊन बसले आणि थेट विचारलं, “काय करूलीस गे? कोणाची वाट पाहूलीस?”

हरितेने सांगितलं ते असं. जगातल्या असंख्य यंत्रांच्या पोटात लिनक्स नावाची एक व्यवस्था असते. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. तो गाभा कोणाच्या मालकीचा नाही, जगभरची माणसं त्यात दुरुस्त्या सुचवतात आणि एकेका भागाचा राखणदार त्या तपासून घेतो. हरितेनेही एक दुरुस्ती पाठवली होती, आयुष्यातली पहिली. राखणदार होता जर्मनीत कुठेतरी, आणि त्याचं उत्तर आलं नव्हतं. मेल पोचली की नाही, हेही तिला कळत नव्हतं.

दुरुस्ती मोठी आहे का, असं वडिलांनी विचारलं. हरिता म्हणाली, एक ओळ आहे. एक ओळ लिहायला चार वर्षांचं इंजिनियरिंग, हे ऐकून आतून तिची आई, वसुमतीबाई, काहीतरी पुटपुटल्या. हरितेने सांगितलं की लिहिलेली नाही, काढलेली आहे. त्यावर वसुमतीबाई बाहेरच आल्या.

“ऐक अप्पा,” हरिता म्हणाली. “यंत्रात नवी फाइल जन्माला येते ना, तेव्हा तिच्यावर वेळ लिहितात. एक जण लिहितो. लगेच दुसरा येतो आणि त्याच जागी तीच वेळ परत लिहितो. मध्ये पापणीही लवत नाही. मध्ये कोणी ती बघतही नाही. म्हणून मी पहिलं लिहिणं काढून टाकलं.”

तुकोजीरावांच्या हातातली कॉफी डबऱ्यातच राहिली. “पहिलं काढलं. दुसरं कां नाही काढलं?”

“दुसरं सगळ्या फाइलींसाठी एकाच जागी होतं. ते लागतंच.”

“आणि पहिल्याचं काय चुकलं?”

“काहीच नाही, अप्पा. नुसतं जास्तीचं आहे.”

हरिता आपल्या यंत्राबद्दल बोलत होती. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं, पण तुकोजीरावांच्या काळजात ते गेलं. टेबल, पंखा, सांबशिव, सरकवलेले कागद, सगळं आयुष्य त्या एका शब्दात बसलं, आणि वर थोडी जागा उरली. त्यांनी कॉफी तशीच ठेवली आणि दारातल्या स्टुलाशी जाऊन उभे राहिले.

वसुमतीबाईंना मात्र मुलीचं म्हणणं एकदम पटलं. त्यांच्या मते आपल्या घरात हेच चाललं होतं. लोणच्याच्या प्रत्येक बरणीवर त्या स्वतः जाड पेनाने तारीख घालत. मग दारात आधी मारलेला शिक्का कशाला? शाईने बोटं काळी होतात, दुधाच्या पिशवीवरची शाई हाताला लागते आणि हाताची साखरेला. येत्या रविवारी भंगारवाला येईल, रद्दीबरोबर तो शिक्काही जाऊ दे, असं त्यांनी जाहीर केलं. कोणी हरकत घेण्याआधीच त्या आत गेल्या.

आता खरं सांगायचं तर वसुमतीबाईंना शाईची अडचण नव्हती. अडचण होती नार्थंगाईची. त्या जाड सालीच्या आंबट फळांची पिशवी घरात आली की तिच्यावर शिक्का बसे. पुढे फळं चिरून, मीठ भरून बरणीत गेली की बरणीवर वसुमतीबाईंची तारीख पडे. या दोन तारखांच्या मध्ये फळं कोपऱ्यात किती दिवस पडली होती, ते कोणालाही वाचता येई. गेल्या खेपेला नणंदेने वाचलं होतं, आणि मोठ्याने वाचलं होतं.

तुकोजीरावांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की रविवारच्या आत शिक्का उपयोगाचा होता हे दाखवता आलं नाही, तर तो भंगारात जाणार आणि त्याच्यामागे आपली सगळी नोकरी जाणार. मग या बाबतीत साक्ष देऊ शकणारा माणूस जगात एकच, पलीकडच्या टेबलावरचा. इतकी वर्षं टाळलेल्या रस्त्याने ते दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन निघाले.

कचेरीच्या ओसरीवर बाकावर एक म्हातारी नऊवारीची गाठ सावरत बसली होती. तुकोजीराव स्वतःशीच मराठीत काहीतरी बोलले, तशी ती हसली आणि तिने जागा करून दिली. तिचं नाव गंगाबाई. पापनाशमच्या पलीकडच्या गावातून ती बसने यायची. नवरा गेल्यावर शेताच्या पट्ट्यावर, म्हणजे मालकीच्या कागदावर, स्वतःचं नाव चढवायचं होतं, त्यासाठी तिने अर्ज दिला होता. पण कचेरी म्हणत होती की अर्ज आलेलाच नाही.

“दिला नसेल मग,” तुकोजीराव म्हणाले. कचेरीची बाजू घ्यायची सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही.

“दिल्हा,” गंगाबाई म्हणाली. “तो आत बसलाय, त्याच्याच हातात दिल्हा. त्याने घेतिला आणि माझ्या डोळ्यांपुढे पोत्यात टाकिला.”

आत सांबशिवाने त्यांना पाहून खुर्ची पुसली आणि चहाची ऑर्डर दिली. माणूस सुखात दिसत होता. पुढच्या महिन्यात तो निवृत्त होणार होता. डोक्यावरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक प्रशस्तिपत्र होतं, जलद कामकाजाबद्दल. टेबलाशेजारी भाताची असतात तसली दोन पोती तोंडापर्यंत भरून उभी होती, आणि तिसऱ्यावर सांबशिवाने पाय ठेवले होते.

तुकोजीरावांनी आडवळणाने सुरुवात केली, मग आडवळण संपलं आणि सरळच विचारलं, की माझा शिक्का तू कधी बघत होतास का.

“बघत होतो म्हणजे?” सांबशिव तमिळमध्ये म्हणाला. “तुकोजी, तुझ्या शिक्क्याने माझी झोप उडाली होती. तू तारीख मारून कागद सरकवायचास. मी माझी तारीख मारेपर्यंत आठवडे जायचे. मग वरून विचारणा यायची, मध्ये कागद काय करत होता. तू गेलास आणि सगळं सुरळीत झालं.”

“सुरळीत कसं?”

“आता कागद येतो तो इथे,” सांबशिवाने पायाखालचं पोतं थोपटलं. “काम करायला वेळ झाला की मी काढतो, शिक्का मारतो आणि त्याच दिवशी निकाली काढतो. आला त्या दिवशी काम झालं. एकही कागद उशिरा नाही. वरचे साहेब बघायला आले होते, त्यांनी ही चौकट दिली. त्यांच्या कचेरीतही आता हीच पद्धत सुरू केली आहे.”

आपण वाचणाऱ्यांना कळलं, पण तुकोजीरावांना कळलं नाही. दुखावलेल्या माणसाला अर्धंच ऐकू येतं. त्यांना ऐकू आलं ते एवढंच, की मी गेलो आणि कचेरीला बक्षीस मिळालं. त्यांनी चहा पिऊन घेतला, चौकटीचं कौतुक केलं आणि उठले. बाहेर गंगाबाईने विचारलं, माझा अर्ज दिसला का. दिसला असता तर त्यांनी सांगितलं असतं, पण पोती तोंडापर्यंत भरलेली होती.

उरलेले दिवस त्यांनी शिक्का हातात घेतलाच नाही. दूध तारखेशिवाय घरात आलं, पीठ आलं, एकदा जावई आले तेही तसेच आत आले. वसुमतीबाईंना घर सुटसुटीत वाटेल असं वाटलं होतं, पण दारातून जाता-येता नवऱ्याकडे बघणं त्यांनाच जड जाऊ लागलं. तरी नार्थंगाईची नवी पिशवी कोपऱ्यात होती आणि ती केव्हा आली हे कोणालाच माहीत नव्हतं, हे सुख सोडायला त्या अजून तयार नव्हत्या.

रविवारी भंगारवाल्याची तीनचाकी बोळात आली. वर्तमानपत्रं गेली, मिक्सरचं फुटकं भांडं गेलं, जुनी पिठाची चाळण गेली. शेवटी तुकोजीरावांनी स्वतःच शिक्का आणून ढिगावर ठेवला. कोणाला तरी ठेवावाच लागणार होता, आणि दुसऱ्याने ठेवलेला त्यांना बघवला नसता. गाडी वळणापर्यंत गेली असेल नसेल, तोच आतून हरितेने हाक मारली.

उत्तर आलं होतं. जर्मनीतल्या राखणदाराने उशिराबद्दल माफी मागितली होती. मधल्या काळात तो सुट्टीवर होता, मग आजारी होता, मग त्याची मेलपेटी भरून वाहत होती. पण दुरुस्ती बरोबर होती आणि त्याने ती घेतली होती. हरितेचं नाव आता त्या गाभ्याच्या इतिहासात कायमचं लागलं होतं. तिने आईला मिठी मारली, आणि आईने एका ओळीच्या मानाने बराच वेळ ती सोडली नाही.

तुकोजीरावही खूश झाले, मुलीचं सुख पाहून कोणता बाप होत नाही. पडद्यावर तिचं नाव बघायला ते वाकले. तिने सगळा तपशील उघडून दाखवला. नाव होतं, आणि नावाखाली तारीख होती. त्याखाली राखणदाराचं नाव होतं, आणि त्याखाली आणखी एक तारीख.

“हे काय,” ते म्हणाले. “इथे पण दोनदा?”

“पहिली मी लिहिलं त्या दिवसाची. दुसरी त्याने घेतलं त्या दिवसाची.”

“मग ही पहिली कां नाही काढली? जास्तीची आहे ना?”

“ही कशी काढतील, अप्पा?” हरिता म्हणाली. “त्या फाइलीत दोन्ही वेळा एकच होत्या, मध्ये काही घडतच नव्हतं. इथे मध्ये मी बसले होते ना वाट बघत. पहिली तारीख काढली तर मी आजच आले असं होईल.”

तुकोजीरावांच्या डोक्यात सांबशिवाचं पोतं आलं. मग पोत्यावरचे पाय, मग चौकट, मग ओसरीवरची गंगाबाई, अशी एकामागून एक सगळी आली आणि आपापल्या जागी बसली. इतकी वर्षं ते कागदावर तारीख मारत नव्हते. माणूस दारात उभा आहे, एवढं ते लिहून ठेवत होते. हे त्यांना निवृत्त झाल्यावर, भंगारवाला गेल्यावर आणि मुलीने समजावल्यावर कळलं, पण कळलं तेव्हा लख्ख कळलं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी वेष्टीच्या, म्हणजे कमरेच्या धोतराच्या, टोकाने पुसलं. मग तीच वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडून ते बोळातून पळत सुटले.

मेलवीधीने तुकोजीरावांना पळताना पहिल्यांदाच पाहिलं. दोन रिक्षावाल्यांनी काय झालं म्हणून विचारलं. एक जण उगाचच थोडा वेळ त्यांच्याबरोबर पळाला. भंगारवाला देवळाच्या वळणावर उसाचा रस पीत उभा होता. शिक्का त्याला आवडलेला दिसला, कारण त्याने तो आपल्या मनगटावर, तराजूवर आणि रसवाल्याच्या फळीवर उमटवून पाहिला होता. घेतलेला माल परत द्यायचा नाही, असं त्याचं तत्त्व होतं. पैसे नकोत म्हणाला, पण बदल्यात दुसरी काही बरी वस्तू असेल तर बघू. तुकोजीरावांनी त्याला घरी आणलं आणि कपाटातून निरोपाची शाल काढून दिली. तंजावूरच्या उन्हात ती तशीही कोणी पांघरली नव्हती. भंगारवाल्याने ती तिथल्या तिथे अंगावर घेतली आणि घाम पुसत निघून गेला.

वसुमतीबाई हे सगळं दारात उभ्या राहून बघत होत्या. शेवटी त्यांनी कोपऱ्यातली पिशवी उचलली आणि स्टुलावर आणून ठेवली.

“मारा,” त्या म्हणाल्या. “पण नंतर नणंदेला दाखवायची नाही.”

तुकोजीरावांनी शिक्का मारला नाही. स्वयंपाकघरातली फळं कोणाची वाट बघत बसत नाहीत, बसतात ती माणसं, असं त्यांनी सांगितलं आणि स्वयंपाकघर कायमचं माफ केलं. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने दिलेली ही सर्वांत मोठी भेट, असं वसुमतीबाईंनी पुढे नणंदेलाच सांगितलं.

सोमवारी कचेरी उघडली तेव्हा फाटकाबाहेरच्या कडुलिंबाखाली घडीची खुर्ची, स्टूल आणि शाईची गादी मांडून तुकोजीराव बसले होते. गंगाबाई बसमधून उतरली. तिने अर्ज पुन्हा लिहून आणला होता आणि त्याची झेरॉक्सही आणली होती. तुकोजीरावांनी दोन्ही घेतले.

“याने आत काय होईल?” तिने विचारलं.

“आत काही होणार नाही,” ते म्हणाले. “पण तुम्ही आज आलात, हे कोणाला पोत्यात टाकता येणार नाही.”

ठप्प आवाज झाला, आणि पाठोपाठ दुसरा. गंगाबाईने झेरॉक्स पिशवीत जपून ठेवली आणि अर्ज घेऊन आत गेली. तिच्यामागून येणाऱ्याने विचारलं, इथे काय मिळतं. त्याच्या मागच्याने विचारलंच नाही, तो सरळ रांगेत उभा राहिला, कारण रांग दिसली की उभं राहावं हे या देशात शिकवावं लागत नाही. दुपारपर्यंत ती रांग उसाच्या रसाच्या गाडीपर्यंत गेली.

कचेरीचा शिपाई येऊन बघून गेला. मग सांबशिव आला. हे बेकायदा आहे, असं त्याने सुरुवातीलाच सांगितलं. तुकोजीरावांनी विचारलं, यात बेकायदा काय. शिक्क्यावर कचेरीचं नाव नाही, सरकारचं नाव नाही. मी फक्त लोकांना आजची तारीख सांगतो, आणि ती तर कॅलेंडरवालाही सांगतो. सांबशिव आत गेला आणि त्या दिवशी त्याने पोत्यातून जरा जास्तच कागद काढले. आठवड्यात झेरॉक्स घेऊन लोक विचारायला येऊ लागले, की आमचा कागद आला त्या दिवशीच काम होतं म्हणता, मग ही तारीख कुठली. भिंतीवरची चौकट कोणीतरी उतरवली. पंखा बसवायचा होता म्हणून, असं सांबशिव म्हणतो.

गंगाबाईचं नाव पट्ट्यावर चढलं. ती सांगायला आली तेव्हा येताना शेतातली केळी घेऊन आली. तुकोजीरावांचा हात सवयीने शिक्क्याकडे गेला, पण त्यांनी तो आवरला.

त्याच दुपारी, रांग सरत आली असताना, सांबशिव कचेरीतून बाहेर आला. हातात एक लांब लिफाफा होता, आणि तो त्याने अंगामागे धरला होता. त्याच्या पेन्शनचे कागद होते. ते वरच्या साहेबांच्या कचेरीत द्यायचे होते, आणि त्या कचेरीने त्याचीच पद्धत उचलली होती. तिथली पोती त्याने स्वतः जाऊन पाहिली होती.

तो थेट स्टुलाजवळ आला आणि रस्त्याकडे बघत लिफाफा पुढे केला.

“इथे मार,” तो म्हणाला. “जरा ठळक.”

तुकोजीरावांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि रांगेच्या शेवटाकडे बोट दाखवलं. सांबशिव मुकाट्याने मागे जाऊन उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा तुकोजीरावांनी शिक्का गादीवर नेहमीसारखा दोनदा दाबला, तारीख उमटवली आणि शाई वाळेपर्यंत तिच्यावर फुंकर घातली.